आहेराची लेन्स

"आधी ती तोफ माझ्या पोळपाटावरून उचला!"

बायको स्वयंपाकघरातून ओरडली आणि खाली गेटवर पेंगणारा आमच्या सोसायटीचा वॉचमन उठून सलाम ठोकून उभा राहिला. तिने अठरा वर्षं सायखेड्याच्या शाळेत शिकवलंय. ती वर्गात 'गप्प बसा' म्हणाली की गोदावरीच्या पलीकडच्या काठावरचे बैल नांगरासकट थांबायचे, असं मी सगळ्यांना सांगतो. सायखेड्याच्या एकाही माणसाने आजवर ते खोटं पाडलेलं नाही.

तोफ म्हणजे माझी दीडशे-सहाशेची झूम लेन्स. डायनिंग टेबलावर बाकीच्या लेन्स, त्यांच्या पिशव्या, टोप्या, ब्रश आणि फडकी मांडलेली. जागा उरली नव्हती म्हणून मी तोफ घटकाभर पोळपाटावर टेकवली, इतकाच माझा गुन्हा.

"अगं, वजन करायचंय."

"मग वजनकाट्यावर ठेवा. पोळपाट हा वजनकाटा आहे का?"

वजनकाट्यावर तिचे मुगाचे लाडू होते. ते बोलायची सोय नव्हती.

आम्ही ब्रह्मपुत्रेवर जाणार होतो. आठ दिवस बोटीवर राहायचं, बोटीवर जेवायचं आणि दोन्ही काठांची शोभा बघायची. ओझरहून दिल्ली, दिल्लीहून गुवाहाटी. विमानवाल्यांनी माणशी इतकंच सामान असं बजावलेलं. त्यातही बायकोने आधीच आपलं माप लावलं होतं: लाडू, मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, आणि मग उरलं तर माझे कपडे, आणि त्यातून उरलं तर लेन्स. एक. "एकच," ती म्हणाली. "कोणती ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझा डॉल्फिन आला पाहिजे."

हा डॉल्फिन काय प्रकार होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी घडलं.

बायकोच्या वर्गात भिंतीवर गोड्या पाण्यातल्या डॉल्फिनचं एक चित्र होतं. कोण्या जुन्या मास्तरांनी हाताने काढून रंगवलेलं. जांभळट, फुगीर, पुढे लांब चोच. ती दरवर्षी त्यावर छडी ठेवून सांगायची की हा मासा नाही, हा आपल्यासारखा श्वास घेतो, आणि तो आपल्या गोदावरीत नाही, तिकडे गंगेत आणि ब्रह्मपुत्रेत असतो. तिने स्वतः तो कधी पाहिलेला नव्हता. निवृत्तीच्या वर्षी एका मुलीने उभं राहून सांगितलं, "बाई, ह्ये तर वांगं हाय. देठ बी हाय."

सगळा वर्ग हसला. सायखेड्याच्या पोरांना वांगी कळतात, त्यांच्याशी त्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नसतो. पण बायकोला ते लागलं. अठरा वर्षं आपण पोरांना वांगं दाखवून डॉल्फिन शिकवला, असं तिच्या मनाने घेतलं. निरोपसमारंभात सगळे रडत असताना ही माईकवर म्हणाली, "मी तुम्हाला खऱ्या डॉल्फिनचा फोटो आणून देईन. या भिंतीवर लावायला. आमच्या ह्यांच्याकडे कॅमेरा आहे."

सगळी शाळा माझ्याकडे वळून बघायला लागली. मी तेव्हा जिलबी खात होतो.

तर प्रश्न एका लेन्सचा. आता हा प्रश्न नाशकात विचारू नये. मी विचारला. रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपायला जाणारं आमचं एक टोळकं आहे. सात जण आहेत आणि मतं नऊ. कारण त्यातल्या दोघांना जाताना एक मत असतं आणि परतताना मिसळ खाल्ली की दुसरं. एक म्हणाला, सहाशेशिवाय जायचंच नाही. दुसरा म्हणाला, बोटीचं इंजिन थरथरतं, सहाशे धरशील तर डॉल्फिनच्या जागी लोकरीचा गुंडा येईल. तिसरा म्हणाला, ट्रायपॉड ने. चौथा म्हणाला, थरथरणाऱ्या डेकवर ट्रायपॉड म्हणजे थरथरणारा ट्रायपॉड. पाचवा म्हणाला, वाइड ने, नदीचा विस्तार आला पाहिजे. सहावा म्हणाला, ती नदी इतकी रुंद आहे की वाइडमध्ये वर आभाळ, खाली पाणी आणि मध्ये पेन्सिलची एक रेघ येईल, ती रेघ म्हणजे आसाम. सातव्याने मला बाजूला घेतलं आणि स्वतःची जुनी लेन्स विकायला काढली.

तीन आठवडे हे चाललं. मी जेवताना लेन्स, झोपताना लेन्स, दाढी करताना लेन्स. आरशात बघून मी स्वतःलाच विचारायचो की तू वाइड आहेस का लांबचं ओढणारा टेली. शेवटी वैतागून मी माझी सत्तर-तीनशे निवडली. हलकी, हातात धरता येते, बोटीवर चालते, डॉल्फिन जरा जवळ आला तर फोटो भरून येतो. बायकोने ती लाडवांच्या बाजूला ठेवून वजन केलं आणि मान हलवली. विषय संपला. मी त्या दिवशी इतक्या निवांतपणे झोपलो की शेजाऱ्यांना घोरण्याची तक्रार करावी लागली.

आणि मग व्याह्यांचा फोन आला.

आमची मुलगी मनमाडला दिली आहे. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. व्याही रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावाने लोण्यासारखे. हीच खरी पंचाईत आहे. भांडकुदळ व्याही परवडतो, त्याच्याशी कसं वागायचं ते पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. प्रेमळ व्याही माणसाचा जीव घेतो.

"काय व्याहीबुवा," ते म्हणाले, "सूनबाईंकडून कळलं, तुम्ही ब्रह्मपुत्रेवर निघालात. आम्ही पण त्याच बोटीचं बुकिंग केलंय. म्हटलं, चार दिवस सोबत."

निघायच्या दोन दिवस आधी ते विहीणबाईंना घेऊन नाशकात आले. हातात एक खोका. खोक्यावर हळदकुंकू. आत मखमलीत झोपवलेली त्यांची पांढरी लेन्स, शंभर-चारशेची. माणसं नातवंडांना जपत नाहीत इतकी तिला जपलेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"ही तुम्ही वापरायची. शाळेच्या फोटोचं कळलंय आम्हाला. मोठं काम आहे. प्रवासभर ही तुमच्याकडे."

आता तुम्हीच सांगा. मुलीच्या सासऱ्याने हळदकुंकू लावून दिलेली वस्तू 'नको' म्हणता येते का? लग्नात त्यांनी मला दिलेलं सफारीचं कापड अजून कपाटात आहे. त्याचा रंग असा आहे की तो घालून मी बाहेर पडलो तर मला पोस्टाची पेटी समजून लोक माझ्या खिशात पत्रं टाकतील. तरी मी 'काय सुंदर कापड आहे' असं म्हणालोच होतो. आहेर हा बघायचा नसतो, घ्यायचा असतो. आणि घेतला की परत आहेर करायचा असतो. मी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर सत्तर-तीनशे होती. मी ती उचलली, बायकोच्या करंड्यातलं कुंकू लावलं आणि म्हणालो, "मग ही तुम्ही वापरायची."

"अहो, कशाला?"

"नाही, ते काही चालायचं नाही."

त्यांनीही दोन्ही हातांनी घेतली. दोघांचे डोळे भरून आले. बायकोने श्रीखंड वाढलं.

त्यांची रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि मी लेन्स कॅमेऱ्याला लावायला घेतली. ती बसेना. डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, देवाचं नाव घेऊन फिरवली. मग उलटी करून खाली बघितलं. माझा कॅमेरा एका कंपनीचा, त्यांची लेन्स दुसऱ्या कंपनीची. एका कंपनीच्या कुकरचं झाकण दुसऱ्या कंपनीच्या कुकरवर बसतं का? तशातली गत. मी तिथेच सोफ्यावर बसलो आणि पुढच्या क्षणी उठलो, कारण दुसरी गोष्ट लक्षात आली होती. माझी त्यांच्याकडे गेलेली लेन्सही त्यांच्या कॅमेऱ्यावर बसणार नव्हती.

साधा उपाय होता. फोन करायचा आणि सांगायचं. मी तीनदा फोन हातात घेतला. काय सांगणार? 'तुम्ही प्रेमाने दिलेली वस्तू माझ्या उपयोगाची नाही' असं? मुलीचा संसार आठ महिन्यांचा. बरं, बायकोला सांगावं, तर ती सरळ माणूस. तिने तिथल्या तिथे फोन लावून सांगितलं असतं, 'व्याहीबुवा, तुमची लेन्स बसत नाही हो,' आणि वर 'जेवलात का' असंही विचारलं असतं. मी विचार केला, त्यांना आपोआप कळेलच की. लेन्स लावून बघतील, हसतील, फोन करतील. मग आपण पण हसू.

फोन आला नाही.

मी माझी छोटी वाइड लेन्स मोज्यात घालून बॅगेच्या तळाशी लपवली. निघताना दारात बायकोने बॅग काट्यावर टांगली, कपाळाला आठी घातली, हात घालून मोजा बाहेर काढला. "एकच ठरली होती. आणि ती व्याह्यांची एवढी मोठी असताना ही कशाला? त्यांना काय वाटेल?"

अशा रीतीने मी ब्रह्मपुत्रेवर गेलो. गळ्यात कॅमेरा, आणि त्याला लागेल अशी एकही लेन्स नाही.

नदीबद्दल काय सांगू? दुसरा काठ दिसतच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं बोटवाल्याने चुकून समुद्रात घातली. वाळूची बेटं इतकी मोठी की त्यावर अख्खा निफाड तालुका वाळत घालता येईल. संध्याकाळी आभाळ असं पेटायचं की बोटीवरची माणसं जेवण विसरून कॅमेरे काढायची. आणि मी अभिनय करायचो. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या तळव्यावर ती पांढरी लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडाशी दाबून धरलेली, डोळा लावलेला. बोटाने खट् खट् बटण दाबायचं. आत सगळं धुकं. बायको म्हणायची, "दाखवा की." मी म्हणायचो, "इथे नको. घरी, मोठ्या स्क्रीनवर." ती मान डोलवायची. तिचा विश्वास बघून मला त्या नदीत उडी मारावीशी वाटायची, पण लेन्स व्याह्यांची होती.

व्याही मात्र खुशीत दिसत होते. मी पुढच्या टोकाला उभा राहिलो की ते मागच्या टोकाला. मी मागे गेलो की ते पुढे. मला वाटलं, काय हा मान, आपल्याला जागा मोकळी करून देतात. माझी सत्तर-तीनशे त्यांच्या कॅमेऱ्यावर झकास दिसत होती. हे कसं जमलं असेल याचा विचार करून मी दोन रात्री तळमळलो. मधे बसवायची कडी मिळते, तसली काही त्यांनी आणली असेल. रेल्वेचा माणूस, दोन डबे जोडायची कला असणारच. एवढंच चमत्कारिक वाटायचं की चहाच्या वेळी विहीणबाई त्यांना बिस्किटं भरवायच्या. दोन्ही हात कॅमेऱ्याला आणि बिस्किट तोंडात. मी बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ. या वयात काय प्रेम आहे."

"तुम्हाला पण भरवू का?" ती म्हणाली. "तुम्ही पण हल्ली कॅमेरा खाली ठेवत नाही."

चौथ्या दिवशी सकाळी दोन नद्या मिळतात त्या जागेवर बोट आली. गाइड तरुण होता, आसामचाच, हिंदी बोलायचा. त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि सगळ्यांना कठड्यापाशी बोलावलं. "जहाँ दोनों पानी मिलते हैं, वहीं देखिए. आवाज़ मत कीजिए." आता पुढचं टोक आणि मागचं टोक असं काही उरलं नाही. मी, माझ्या डावीकडे बायको, उजवीकडे व्याही, त्यांच्या पलीकडे विहीणबाई. सगळी बोट श्वास धरून.

फूस्स, असा आवाज आला. कुणीतरी उशी दाबावी तसा. आणि पाण्यातून एक करडी पाठ वर आली, पुढे लांब चोच, आणि गेली.

बायकोने माझा दंड धरला. तिची बोटं माझ्या हाडापर्यंत गेली. "तोच," ती म्हणाली. "अहो, तोच. काढा."

मी व्याह्यांकडे वळलो. "व्याहीबुवा, पहिला फोटो मानाचा. तुम्ही काढा."

"छे हो, शाळेचं काम तुमचं. तुम्हीच काढा."

"तुम्ही वडीलधारे."

"तुम्ही मुलीकडचे, आमचे पाहुणे."

फूस्स. दोघं होते. आई आणि तिला चिकटून पिल्लू. इतके जवळ की चोचीवरचं पाणी निथळताना दिसलं. पलीकडे एक बंगाली गृहस्थ मोबाईल उंचावून उडी मारत होते. नंतर त्यांनी दाखवलं, खिडकीच्या काचेवर बसलेल्या माशीसारखं काहीतरी आलं होतं. पण त्यांनी निदान दाबलं तरी.

"तुम्ही घ्या, व्याहीबुवा."

"आधी तुम्ही."

"आता काढताय का मी काढू?" बायको ओरडली. गाइडने सांगितलेली शांतता गेली, डोक्यावरून बगळे उडाले आणि तिने माझ्या गळ्यातला कॅमेरा खेचला. कॅमेरा तिच्याकडे गेला. लेन्स माझ्या हातात राहिली.

तिने उघड्या तोंडाच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्या तळव्यावरच्या लेन्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्यात विहीणबाईंनी व्याह्यांकडे हात पुढे केला. "तुमचा पण द्या बघू." व्याह्यांनी कॅमेरा दिला. माझी सत्तर-तीनशे त्यांच्या हातात राहिली.

"मला वाटलंच," विहीणबाई म्हणाल्या. "चार दिवस बिस्किटं भरवतेय मी या माणसाला."

मग त्या दोघींनी आम्हाला बाजूला सारलं. माझी लेन्स माझ्या कॅमेऱ्याला, त्यांची त्यांच्या कॅमेऱ्याला. खट्. खट्. किती सुंदर आवाज असतो तो. त्याला पाच सेकंदही लागले नाहीत. मी कॅमेरा उचलला, बायकोने दाखवलेल्या जागेवर धरला आणि दाबत राहिलो. व्याहीही दाबत होते. आमच्या दोघांच्या बटणांचा आवाज ऐकून गाइडने कानावर हात ठेवला. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. बायको कठड्यावरून हलली नाही. मग इंजिन सुरू झालं. पुढच्या दिवसांत डॉल्फिन पुन्हा दिसला नाही.

संध्याकाळी व्याही माझ्या शेजारी येऊन बसले. "तुम्ही बोलायचंत हो."

"तुमच्यापुढे मी कसं बोलणार? तुम्ही बोलायचंत."

"मी सूनबाईंना विचारलं होतं, त्याच दिवशी. म्हटलं, तुझ्या बाबांना सांगू का? त्या म्हणाल्या, नका सांगू, त्यांना वाईट वाटेल."

मी तिथूनच मुलीला फोन लावला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला पण वाईट वाटलं असतं ना, बाबा," ती म्हणाली. आणि मागून जावयाचं हसू ऐकू आलं.

घरी येऊन मी सगळे फोटो, व्याह्यांनी पाठवलेलेसुद्धा, मोठ्या स्क्रीनवर उघडले. पाणी, पाणी, पाणी, बगळा, पाणी. एका फोटोत मात्र पाण्यावर एक गोल वलय होतं. स्वच्छ, एकातून एक पसरत गेलेलं, मध्ये थोडा फेस. प्रकाश उत्तम, फोकस काटेकोर. बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "इथे होता तो. हे त्याचंच." तिने तो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि एका सोमवारी आम्ही सायखेड्याला गेलो.

वर्ग आता पाचवीत गेला होता, पण पोरांना त्यांच्या जुन्या खोलीत बोलावून बसवलं होतं. तिने जुन्या चित्राशेजारी खिळा ठोकून फ्रेम लावली आणि छडी घेऊन उभी राहिली. दोन नद्या कशा मिळतात, आवाज कसा येतो, आई आणि पिल्लू कसे बरोबर वर येतात, सगळं तिने सांगितलं. मी वर्गाच्या दारात उभा राहून ऐकत होतो. इतकं चांगलं शिकवताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. शेवटी तिने छडी त्या वलयाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "हा फोटो काढला ना, त्याच्या एक क्षण आधी तो इथे होता."

गेल्या वर्षीची ती मुलगी उठली. आधी तिने फ्रेमकडे बघितलं, मग शेजारच्या जुन्या चित्राकडे, मग परत फ्रेमकडे.

"बाई," ती म्हणाली, "वांगं तरी दिसत व्हतं."